बोरू, कोन आणि ळ: सुलेखनाच्या कार्यशाळांनंतरची नोंद

दिवाळीनंतर सुलेखनाच्या कार्यशाळांना जायला लागले, तेव्हा माझ्याकडे बाजारातलं कट-निबचं, म्हणजे चपट्या छाटलेल्या टोकाचं पेन आणि रेघांची वही एवढंच होतं. आता पावसाळा तोंडावर आलाय आणि टेबलावर स्वतः तासलेले बोरू, म्हणजे पोकळ काडीच्या लेखण्या, पडलेत. मधल्या काळात हाताला काय काय लागलं ते लिहून ठेवते. ज्यांचं हेच चालू आहे त्यांना यातलं काहीतरी उपयोगी पडेल.

पहिल्या कार्यशाळेबद्दल फार लिहीत नाही. पुण्यात, शनिवार-रविवार, उभ्या-आडव्या-तिरप्या रेघा आणि शेवटच्या तासाला स्वतःचं नाव. सगळीकडे सुरुवात साधारण अशीच होते. तिथून एकच गोष्ट पक्की घेऊन आले, ती म्हणजे कोन. रोमन सुलेखनात जाडी डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या तिरप्या रेघेत येते. देवनागरीत बरोबर उलट: उजवीकडून डावीकडे उतरणारी रेघ सर्वांत जाड आणि तिला छेदणारी सर्वांत बारीक. टोक पंचेचाळीस अंशांवर धरलं की काना आणि शिरोरेघ एकाच जाडीची येतात. कोन पक्का बसला आहे की नाही हे तपासायचं असेल तर नुसता ‘ग’ काढून काना आणि शिरोरेघ शेजारी शेजारी मोजावी. रोज बसल्यावर पहिल्यांदा मी हेच करते.

खरा बदल झाला तो बोरू तासण्याच्या कार्यशाळेत. सकाळभर तिथे एकही अक्षर लिहिलं नाही. प्रत्येकाला करंगळीएवढ्या जाडीचे बोरू, धारदार चाकू आणि खाली धरायला लाकडाचा ठोकळा दिला होता. आधी एका बाजूने लांब तिरपा काप घ्यायचा, म्हणजे आतला पोकळ भाग उघडा पडतो. मऊ गर चाकूच्या टोकाने खरवडून काढायचा, कारण तो राहिला तर शाई पितो आणि टोक फुगतं. मग दोन्ही बाजूंनी खांदे उतरवत हवी तेवढी रुंदी ठेवायची. मधोमध एक बारीक चीर द्यायची, तिच्यातून शाई टोकापर्यंत उतरते. शेवटचा काप सर्वांत महत्त्वाचा. ठोकळ्यावर टोक ठेवून, बोरूची कडक साल वर राहील असं धरून, एकाच दाबात खटकन छाटायचं. चाकू मागेपुढे केला की टोकाला तूस राहते आणि रेघेची कड फाटते.

हा शेवटचा काप देवनागरीसाठी तिरपा द्यायचा असतो, आणि तो किती तिरपा हे आपल्या मनगटावर ठरतं. आमचे सर प्रत्येकाच्या मागे उभे राहून आधी हात बघायचे आणि मग काप सुचवायचे. माझं मनगट लिहिताना आत वळतं, म्हणून मला जास्त तिरपा काप लागला. शेजारच्या काकांना जवळपास सरळ काप पुरला. हे बाजारच्या निबात मिळणं शक्यच नाही. तिथे हात निबाप्रमाणे वळवावा लागतो, इथे टोक हाताप्रमाणे कापता येतं. त्या दिवसानंतर माझा खांदा दुखायचा थांबला आणि लिहायला सलग बसता यायला लागलं. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला माझं आग्रहाचं सांगणं आहे: महागड्या निबांचा संच नंतर घ्या, आधी बोरू तासायला शिका.

आता अक्षरांकडे. सरांनी वर्णमाला क्रमाने शिकवलीच नाही. ‘व’चं पोट आधी. ते गोल आलं की त्यात तिरपी रेघ दिली की ‘ब’, उजवीकडे वळण जोडलं की ‘क’. एकाच आकारावर हात बसवून मग कुटुंबातली बाकीची अक्षरं घ्यायची. ‘व’वर बराच काळ गेला आणि तो सत्कारणी लागला, कारण नंतरची अक्षरं भराभर आली.

‘ल’ आणि ‘श’ला मात्र थांबावं लागलं. मोबाइलवर रोज जे दिसतात ते बहुतेक हिंदी वळणाचे. मराठीचा ‘ल’ पाकळीयुक्त आणि ‘श’ देठयुक्त. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात हीच रूपं प्रमाण धरली आहेत. माझ्या मते बोरूने लिहिताना ती जास्त सुंदरही दिसतात. पाकळ्यांमध्ये जाड-बारीक रेघेला खेळायला जागा मिळते.

आणि ‘ळ’. याच्यावर मी अजून आहे, आणि मला सर्वांत जास्त आनंद हेच अक्षर देतं. दोन पोटं आजूबाजूला, बघताना वाटतं एकाची आरशातली प्रतिमा दुसऱ्यात आहे. पण बोरूचा कोन बदलत नाही, त्यामुळे डाव्या पोटात जाडी जिथे पडते तिथे उजव्यात पडत नाही. बाहेरून मोजून दोन्ही सारखी काढली तरी आतली पांढरी जागा वेगळी होते आणि अक्षर एका बाजूला कलल्यासारखं दिसतं. उपाय असा की काळ्या रेघेकडे बघायचंच नाही, आतल्या दोन पांढऱ्या जागा सारख्या भरतात का ते बघायचं. माझ्या हाताला उजवं पोट केसभर मोठं ठेवावं लागतं. ‘कमळ’, ‘सकाळ’, ‘आभाळ’ असे शब्द सलग लिहिले की हा समतोल लवकर कळतो.

डोळा तयार व्हायला जुनी छपाई बघण्यासारखा दुसरा मार्ग नाही. जावजी दादाजींनी १८६९मध्ये सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याची पुस्तकं कुणाकडे असतील तर भिंग घेऊन बघा. खिळे, म्हणजे छपाईचे अक्षरठसे, धातूचे, पण जाड-बारीक वळण सगळं बोरूचं. नाटकांच्या जाहिरातींमधली कमल शेडगे यांची अक्षरंही मी कापून वहीत चिकटवते आहे. एकेका नाटकाचा स्वभाव त्यांनी नुसत्या अक्षरांच्या वळणातून उभा केला. संगणकावर आपण वर्षानुवर्षं वाचत आलो तो मंगल फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा, हे कळल्यापासून मी साध्या सरकारी पत्राकडेसुद्धा वेगळ्या नजरेने बघते.

शाई-कागदाचं थोडक्यात. जलरोधक ड्रॉइंग शाई काळीभोर येते, पण चिरेत वाळून बसते. लिहून झाल्या झाल्या बोरू धुवायलाच हवा. फाउंटन पेनची शाई पातळ, साध्या कागदावर फुटते. सरावाला मी गुळगुळीत कागद वापरते आणि पक्क्या कामाला शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला. १९४०पासूनची संस्था आहे, तिथे जाऊन कागद हाताने चाचपून घेता येतो, तेवढ्यासाठी खेप घालावी. खरखरीत पोत घेऊ नका, बोरूचं टोक दोऱ्यांत अडकतं.

पुढे मोडी लिपीची कार्यशाळा ठरली आहे. मोडीत आधी पानभर शिरोरेघा आखून घेतात आणि मग अक्षरं त्यांना लटकवत, हात शक्यतो न उचलता लिहितात. देवनागरीत आपण शब्द लिहून मग डोक्यावर रेघ देतो, त्याच्या हे अगदी उलट. भारत इतिहास संशोधक मंडळातल्या मोडी कागदांच्या छायाप्रती पाहिल्या तेव्हा त्या वेगाने मला भारून टाकलं. त्यासाठी बारीक टोकाचे, कमी तिरपे बोरू आत्ताच तासायला घेतलेत.

त्याआधी ज्ञानेश्वरीतली एक ओवी मोठ्या हातकागदावर उतरवायची आहे. मसुदा तयार आहे, चरणांची मांडणी बसली आहे. काजळी आणि डिंकाची घरची शाई त्यासाठी वापरावी असं मनात आहे. कुणी ती बनवली असेल तर डिंकाचं प्रमाण किती ठेवलं आणि वाळल्यावर शाई घडीवर तडकली का, हे दोन्ही जरूर कळवा.