नहपानाचं नाक, मावशीचा बटवा आणि नाशिक

नहपान या जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाचं नाक अजून दिसतं. चांदीचं एवढंसं नाणं, दोन ग्रॅमच्या आसपास, त्यावर राजाचा चेहरा, आणि त्या चेहऱ्यावरच दुसऱ्या राजाने हातोडा मारून आपला ठसा उमटवलाय, तीन कमानींचा डोंगर आणि त्याखाली नागमोडी नदी. पण ठसा जरा तिरका बसल्यामुळे खालच्या माणसाचं नाक आणि हनुवटी बाजूने बाहेर आलीये. ज्यांचं हे नाणं ते नाशिकचे संग्राहक काका म्हणाले कडेला धरा, मधे बोट लावू नका. मी धरलं आणि पाच मिनिटं काही बोललोच नाही.

नाशिकला गेलो होतो मावशीबरोबर, त्र्यंबकेश्वरला. दर्शनाबद्दल एवढंच लिहितो की रांग प्रचंड होती, उकडत होतं आणि मावशीने एकदाही कुरकुर केली नाही. बाकी तो दिवस गेला. मला लिहायचंय ते पुढच्या दिवसांबद्दल.

मावशीच्या पर्समधे एक बटवा होता, तिच्या सासूबाईंकडून आलेला, देव्हाऱ्यातली जुनी नाणी. घरात कुणाला तरी मोबाईलवर मेसेज आला होता की हनुमानाचं १८१८ सालचं नाणं असेल तर लाखो रुपये मिळतात, फक्त आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा. मावशीच्या बटव्यात तसलं नाणं होतं. तिची इच्छा एवढीच की पैसे भरायच्या आधी कुणा जाणत्याला दाखवावं. माझ्या एका मित्राच्या ओळखीने नाशिकमधले एक जुने संग्राहक काका भेटले, नाव लिहीत नाही, घरात एवढा मोलाचा संग्रह आहे आणि तो माणूस प्रसिद्धीपासून चार हात लांब राहतो.

काकूंनी चहा ठेवला, काकांनी टेबलावर मऊ कापड अंथरलं, भिंग आणि छोटा वजनकाटा काढला. मावशीने बटवा उलटा केला आणि काकांचा चेहराच उतरला. सगळी नाणी लखलखीत! दर लक्ष्मीपूजनाला चिंच आणि राख लावून घासलेली, पन्नासएक वर्षं तरी.

काकांनी आधी ते हनुमानाचं उचललं. म्हणाले, ताई, असं हनुमानाचं नाणं ईस्ट इंडिया कंपनीने कधी पाडलंच नाही. ही नंतर कुणीतरी बनवलेली असतात, काही पूजेसाठी आणि बरीचशी लोकांना फसवण्यासाठी. देवाचा टाक म्हणून ठेवा, मान आहे त्याला, पण नाणं म्हणून किंमत नाही. आणि रजिस्ट्रेशनचा एक रुपया भरू नका. ऑगस्ट २०२१ मधे रिझर्व्ह बँकेनेच जाहीर सांगितलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आम्ही पडत नाही आणि त्यावर कसलं कमिशनही घेत नाही, तरी त्यांच्याच नावाने फोन येत राहतात. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं जपून ठेवलंय त्यांनाही हेच. फसवणारे लोक बरोबर म्हाताऱ्या माणसांना गाठतात, याचा मला मनापासून राग येतो.

मग व्हिक्टोरिया राणीचे रुपये निघाले, १८६२ चे. मावशीला वाटलं एवढं जुनं म्हणजे नक्कीच दुर्मिळ. तर नाही. १८६२ हे साल टाकलेले रुपये १८७४ पर्यंत पाडत होते, साल तेच ठेवून, म्हणून ते ढिगाने आहेत. संग्राहक त्यातही ठिपके मोजत बसतात, कुठल्या साच्याचं, कुठल्या टांकसाळीचं, आणि एखादा वेगळा प्रकार निघाला की त्याला जास्त पैसे देतात. काकांनी मग त्यांच्या अल्बममधलं एक वेडंवाकडं कापलेलं चांदीचं तुकडं दाखवलं, त्यावर सूर्य, झाड असे लहान लहान ठसे. आहत, म्हणजे ठसे ठोकून केलेलं नाणं, दोन हजार वर्षांहून जुनं! किंमत विचारली तर म्हणाले साधं असेल तर काही शे रुपयांपासून मिळतं, कारण हंडेच्या हंडे सापडलेत. आणि दुसरीकडे १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया, आपल्या आजोबांच्या खिशातला म्हणता येईल असा, त्यासाठी लोक भांडतात, कारण तो फारच कमी सापडतो. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, त्याच्या आधीचा हा शेवटचा. म्हणून १९३८ च्या रुपयावरचा आठ कोरून नऊ करणारे पण आहेत. तेव्हा वय वगैरे विसरा. किती उरलीत, किती जणांना हवीत आणि कुठल्या अवस्थेत आहेत, यावर सगळं ठरतं.

अवस्थेचा मुद्दा आला तो १९११ च्या रुपयावर. मावशीच्या बटव्यात हा एक होता आणि तो बघून काका खुर्चीत पुढे सरकले. पंचम जॉर्जच्या अंगरख्यावर जी साखळी आहे त्यात हत्ती कोरलाय, पण सोंड आणि पाय इतके आखूड की लोकांना ते डुक्कर वाटलं. केवढा असंतोष झाला, नाणी बाहेर देणं थांबवलं, उरलेली बरीचशी वितळवली आणि १९१२ पासून हत्ती नीट काढला. म्हणून याला डुकराचा रुपयाच म्हणतात बाजारात. चांगल्या अवस्थेतला असेल तर काही हजार सहज मिळतात. काकांनी भिंगातून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि हळूच म्हणाले, ताई, हत्ती पण गेला आणि डुक्कर पण गेलं. घासून घासून सगळं सपाट. चांदीवर शंभर वर्षांत जो काळपट थर चढतो ना, तीच तिची कातडी असते, ती एकदा काढली की परत येत नाही.

मावशी शांतपणे म्हणाली, "अहो, देवापुढे ठेवायचं तर घासणारच ना. सासूबाई पण घासायच्या."

मला तिचंच पटलं, खरं सांगतो. ते नाणं कुणी विकायला ठेवलं नव्हतं. त्याच्यावर तीन पिढ्यांच्या बायकांचा हात फिरलाय. संग्राहक त्याला खराब म्हणणार, ते त्यांच्या जागी बरोबर आहे, पण म्हणून मावशीच्या सासूबाई चुकल्या असं मी म्हणणार नाही. काकाही तेच म्हणाले. फक्त ज्यांना पुढेमागे विकायचं आहे किंवा कुणा अभ्यासकाला दाखवायचं आहे त्यांनी कृपा करून घासू नका, लिंबू नको, चिंच नको, भांड्यांची पावडर नको. मातीसकट न्या.

आणि मग काकांनी ते नहपानाचं काढलं.

१९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभीला एक खजिना सापडला. तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी, सगळी क्षहरात घराण्यातल्या राजा नहपानाची. रेव्हरंड स्कॉट नावाच्या मिशनऱ्याने ती बसून तपासली आणि त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला निघाला. नाणी वितळवून नवी पाडली नाहीत, आहेत त्यांच्यावरच ठोकलं. मूळ नाण्यावर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्यांत नहपानाचं नाव, आणि त्याच्यावर ब्राह्मीत "रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस" (राजा गौतमीपुत्र श्री सातकर्णीचं). म्हणजे कोण हरलं आणि कोण जिंकलं हे हातातल्या चांदीवर दिसतं. आता बाजारात या नाण्याची किंमत बघाल तर शिवाजी महाराजांच्या सोन्याच्या होनापुढे काहीच नाही, कारण एकाच खजिन्यात हजारो निघाली. काका म्हणाले, माझ्याकडे याच्या अनेक पट महाग नाणी आहेत, पण घराला आग लागली तर मी हे उचलीन.

मला विचाराल तर यातलं सगळ्यात मोठं मोल त्या अख्ख्या खजिन्याचं होतं. तेरा हजार नाणी एकत्र होती म्हणून त्यातली किती ठोकलेली आणि किती नाही हे मोजता आलं. तीच नाणी सराफाकडे गेली असती तर वितळून कुणाच्या तरी पाटल्या झाल्या असत्या, किंवा एकेक करून विकली गेली असती आणि मग प्रत्येक नाणं नुसतं एक नाणं राहिलं असतं. शेतात, विहिरीत असं काही सापडलं तर ते कलेक्टरकडे कळवावं लागतं, १८७८ पासून तसा कायदा आहे. लोकांना वाटतं सरकार काढून घेतं. मला वाटतं न कळवणाऱ्याने आपल्याच गावाचा इतिहास विकलेला असतो.

होनाचा विषय निघालाय तर, त्र्यंबकला रस्त्यावर चादर टाकून बसलेल्या एका विक्रेत्याकडे होनांचा ढीग होता. ढीग! राज्याभिषेकाच्या वेळचा, १६७४ चा होन, एका बाजूला श्री राजा शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्रपति, खरे होन इतके थोडे उरलेत की एखादा लिलावात आला तर पेपरात बातमी येते. हे सगळे पितळेचे, ओतीव, कडेला साच्याची रेघ दिसत होती. खरा होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास भरतो, तेव्हा वजनावरच अर्धं काम होतं. एक तरुण मुलगा महाराजांचं नाणं म्हणून भक्तिभावाने पैसे मोजत होता, ते बघून फार वाईट वाटलं. त्याला महाराजांच्या काळचं काहीतरी घरात हवं असेल तर तांब्याची शिवराई घ्यावी, अस्सल, माहितीच्या माणसाकडून, ती आजही साध्या माणसाला परवडते. शिवराया पुढे पेशवाईत पण पाडत राहिले म्हणून सगळ्याच महाराजांच्या नसतात, एवढं मात्र विचारून घ्या.

त्र्यंबक रोडवर अंजनेरीच्या पायथ्याशी नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आहे, १९८० पासून, तिथे संग्रहालय पण आहे. आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय जवळपास कुणी नव्हतं. पुढे त्र्यंबकला हजारो माणसं, जाताना सगळ्यांच्या गाड्या याच रस्त्याने, आणि इथे शांतता. शाळांच्या सहली इथे आणायलाच हव्यात, मला अगदी पोटतिडकीने वाटतं.

शेवटच्या दिवशी काकांच्या सांगण्यावरून पांडवलेणी. मावशी पायऱ्यांवर तीनदा बसली पण वर आलीच. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदाताचा लेख आहे, त्यात चक्क हिशोब लिहिलाय. तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची चांदीची नाणी, नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे (संघांकडे) कायमचे ठेवले, दोन हजार महिना शेकडा एक दराने आणि एक हजार पाऊण दराने, त्या व्याजातून मुख्यतः भिक्षूंची वस्त्रं. शिवाय पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण, म्हणजे सोन्याचं नाणं, हा भाव पण आहे. बँकेत आयुष्य काढलेल्या मावशीला हे इतकं आवडलं की तिने मला दोनदा वाचून दाखवायला लावलं, म्हणजे मोबाईलवरचं भाषांतर. आणि तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख, आपल्या मुलाबद्दल, म्हणजे त्याच गौतमीपुत्राबद्दल, त्याने क्षहरात वंश निरवशेष केला म्हणून. नाण्यावर जे पाहिलं तेच दगडात, आणि तेही आईने लिहवलेलं.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, नंतर ऊन फार लागतं आणि सुट्टीच्या दिवशी सेल्फीवाल्यांनी लेणी भरून जातात. आधी दहावं लेणं बघा आणि मग तिसरं, आकड्यांच्या क्रमाने जाऊ नका.