कणा सोडला तेव्हा रेणू सापडला: माझा अनुभव

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वाट्याला एमडीएम२ आलं. कर्करोगाला आळा घालणाऱ्या पी५३ ला हे प्रथिन धरून ठेवतं आणि मोडीत काढायला लावतं. ही पकड सोडवणारा लहान रेणू संगणकावर आखायचा होता. "मग पी५३ चाच तेवढा तुकडा औषध म्हणून द्या की," आई म्हणाली. पण असं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, शरीरातली एन्झाइम्स कापून टाकतात, आणि पेशीत ते सहज शिरतही नाही.

१९९६ साली प्रसिद्ध झालेली १वायसीआर ही या दोघांची त्रिमितीय रचना मी डोंबिवली ते माटुंगा रोज डोक्यात घेऊन फिरायचे. पी५३ चा तुकडा हेलिक्स, म्हणजे मळसूत्रासारखी गुंडाळी, होऊन एमडीएम२ च्या खोबणीत पडलेला. हेलिक्सच्या एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्लं, म्हणून १९ वं फिनिलअलानिन, २३ वं ट्रिप्टोफॅन आणि २६ वं ल्युसीन एकाच अंगाला येतात. ट्रिप्टोफॅनचं जोडकडं पार आत रुतलेलं, त्याच्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन समोरच्या ५४ व्या ल्युसीनच्या ऑक्सिजनकडे वळलेला. हे दिसत असूनही मी चार महिने हेलिक्सचा कणा, म्हणजे साखळीचा मुख्य धागा, जपणारे रेणू काढत बसले.

"कणा विसर गं," माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, "नटलिन बघ." हीच पकड सोडवणाऱ्या, २००४ मध्ये जाहीर झालेल्या नटलिन या लहान रेणूमध्ये हेलिक्स नावालाही नाही. मधे इमिडाझोलिनचं कडं, आणि त्याला जोडलेले गट नेमके खोबणीतल्या त्या तीन अमिनो आम्लांच्याच कप्प्यांत. ट्रिप्टोफॅनच्या जागी हॅलोजन लावलेलं बेंझीन!

मग तीन टोकं आणि त्यांच्यातली अंतरं एवढाच फार्माकोफोर, म्हणजे पकडीला लागणारा साचा, ठेवला, रेणूंची लायब्ररी चाळली, डॉकिंग लावलं, म्हणजे रेणू संगणकावर खोबणीत बसवून पाहिले. त्याआधी नटलिन खोबणीतून काढून परत डॉक केलं. ते मूळ जागेपासून दोन अँगस्ट्रॉमच्या आत बसलं, तेव्हा कुठे सेटिंगवर विश्वास बसला. तरी यादीत वर आले ते अवजड, तेलकट रेणूच. अणू वाढले की स्पर्श वाढतो आणि डॉकिंगचा स्कोर फुगतो. प्रत्येक पोझमध्ये, म्हणजे बसण्याच्या ढबीत, रेणूला किती पिळावं लागतंय, ती ऊर्जा वेगळी काढली, तेव्हा निम्मी यादी गळली.

उरलेल्यांतले काही विकत घेतले. डीएमएसओ या द्रावकात स्वच्छ विरघळलेला पहिला रेणू बफरमध्ये, म्हणजे चाचणीच्या पाणीदार द्रावणात, पडताच धुक्यासारखा गढूळ झाला. त्या दिवशी रडू आलं. पकड सुटली का हे प्रकाशावरून मोजणाऱ्या फ्लुरोसन्स पोलरायझेशन चाचणीत असे गुठळ्या करणारे रेणूही पकड सुटल्याचा आभास देतात. बफरमध्ये थोडं डिटर्जंट घातलं आणि बहुतेकांचा परिणाम मावळला.

एकाचा टिकला. क्षीण आहे, पण मात्रा वाढवली की वाढतो. डॉकिंगच्या पोझमध्ये त्याने ट्रिप्टोफॅन आणि ल्युसीनचे कप्पे भरलेत, फिनिलअलानिनचा रिकामा आहे. सध्या मी त्या कप्प्यात जाईल असा आखूड अल्कॉक्सी गट (ऑक्सिजनमधून जोडलेली कार्बनची शेपटी) शोधतेय.