लिंक्सचं प्रोटोटाइप कार्ट्रिज: आधी डम्प, मग खेळ

अटारी लिंक्स हा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम १९८९ साली रंगीत पडदा घेऊन आला, तरी निन्टेंडोच्या गेम बॉयपुढे त्याचा निभाव लागला नाही. त्यामुळे त्याचे कितीतरी गेम दुकानापर्यंत पोचलेच नाहीत. ‘एलियन व्हर्सेस प्रिडेटर’ लिंक्सवर कसा दिसला असता, हे आज कळतं ते प्रोटोटाइपमुळेच, म्हणजे विक्रीआधी बनवलेल्या चाचणीच्या प्रतीमुळे. असं कार्ट्रिज हाती आलं की यंत्रात घालून बघायचा मोह होतोच. तो आवरा. आधी डम्प करा, म्हणजे चिपमधला सगळा डेटा कॉम्प्युटरवर फाइल म्हणून उतरवून घ्या.

विक्रीच्या कार्ट्रिजमध्ये पातळ बोर्डावर काळ्या इपॉक्सीचा थेंब असतो. प्रोटोटाइपवर बहुधा काचेची खिडकी असलेली ईप्रॉम (विजेने भरायची आणि अतिनील उजेडाने पुसायची मेमरी चिप) असते आणि वर हाताने लिहिलेला स्टिकर. स्टिकरवर विसंबू नका, तो कुणीही लिहू शकतो. चिपवरचा चार आकडी कोड बघा: ९२१७ म्हणजे १९९२चा सतरावा आठवडा. गेम १९९२चा आणि चिप १९९८ची असेल, तर ती प्रत नंतर कुणीतरी भरली आहे. कोड जुळला म्हणून प्रत अस्सल ठरत नाही. जुन्या कोऱ्या चिपा अजूनही मिळतात.

खरा शत्रू उजेड. खिडकी उघडी असेल तर थेट उन्हात आठवडाभरात आणि ट्यूबलाइटखाली साधारण तीन वर्षांत चिप पुसली जाऊ शकते, असं उत्पादकांच्याच माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. कागदी स्टिकरमधून थोडा उजेड आत जातोच. पण तो सोलू नका, कारण अक्षर हाही पुरावा आहे. चिप अँटिस्टॅटिक फोममध्ये खोचून बंद डब्यात ठेवा.

सॉकेटमधून काढताना दोन्ही टोकांनी आळीपाळीने, केसभर केसभर उचला. एकाच बाजूने उचकटलं की दुसऱ्या टोकाचे पाय वाकतात, आणि ते सरळ करताना तुटतात. रीडरमध्ये, म्हणजे चिप वाचणाऱ्या यंत्रात, चिपचा नेमका प्रकार निवडा: २७सी०१० म्हणजे १२८ किलोबाइट, २७सी०२० म्हणजे २५६, २७सी०४० म्हणजे ५१२. रीडरची आयडी तपासणी (चिपचा प्रकार आपोआप ओळखणं) बंद ठेवा, कारण त्यात चिपच्या ए९ नावाच्या पायावर सुमारे १२ व्होल्ट जातात. मग किमान पाच वेळा वाचा आणि चेकसम, म्हणजे फाइलमधल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, ताडून पाहा.

चेकसम दर वेळी वेगळा आला, तर आधी पाय साफ करून पुन्हा वाचा. तरीही जुळत नसेल तर विद्युतभार गळतोय: भरलेला ० हळूहळू १ वाटू लागतो. रीडरला व्होल्टेज बदलता येत असेल तर ५ ऐवजी ४.५ व्होल्टवर वाचा. व्होल्टेज कमी झालं की असे डळमळीत ० पुन्हा ० म्हणून वाचले जाण्याची शक्यता वाढते. सगळ्या फायली ठेवा, नुसती शेवटची नाही.

लिंक्सचा प्रोसेसर कार्ट्रिजमधून थेट चालत नाही. कार्ट्रिज २५६ ब्लॉकमध्ये वाचलं जातं आणि लागेल तो भाग ६४ किलोबाइट रॅममध्ये उतरतो. त्यामुळे गेम झोकात सुरू होऊन चौथ्या पातळीवर अडकू शकतो. बिघडलेला बाइट तोवर वाचलाच गेलेला नसतो. ‘चालतोय’ म्हणजे डम्प शाबूत, असं समजू नका. एम्युलेटरमध्ये, म्हणजे लिंक्सची नक्कल करणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्राममध्ये, शेवटपर्यंत खेळा. तिथे लागणाऱ्या एलएनएक्स फाइलला सुरुवातीला ६४ बाइटचं हेडर असतं. मूळ डम्पशी तुलना करताना ते वगळा, नाहीतर हॅश (चेकसमसारखाच फाइलचा ठसा) कधीच जुळणार नाही.

खऱ्या यंत्रात घालायचंच असेल तर आधी मल्टिमीटरने आतली ५ व्होल्टची लाइन मोजा. जुन्या लिंक्समध्ये वीजपुरवठ्याचा भाग निकामी झाला की ९ व्होल्ट सरळ पुढे जातात, आणि तुमच्या हातातली प्रत जगातली एकमेव असू शकते.

आणि गळती दिसली म्हणून तीच चिप पुसून पुन्हा ‘ताजी’ करू नका. भरायचीच तर दुसरी चिप घ्या. मूळ चिप आहे तशीच ठेवली, तर पुढे अधिक चांगल्या रीडरने आज न वाचलेले बिट मिळवता येतील.