‘तू कोणाचा?’ : मेलबर्नच्या रेडिओवरचा एक प्रश्न

कामावर जाताना मी गाडीत १५०३ एएम हे केंद्र लावतो. थ्रीकेएनडी नावाचे हे केंद्र मेलबर्नमधील मूलनिवासी समाज स्वतः चालवतो. नावातील अक्षरे ‘कूल एन डेडली’ची आहेत आणि या समाजाच्या बोलीत ‘डेडली’ म्हणजे झकास.

तिथल्या गप्पांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : ‘हूज युअर मॉब?’ मॉब म्हणजे इथे जमाव नव्हे. आपली माणसे, आपले कूळ आणि आपली भूमी हे सारे त्या एका शब्दात आले. पारावरच्या म्हाताऱ्यांनी अनोळखी पोराला ‘तू रे कोणाचा?’ म्हणावे, तशीच ही आपुलकीची चौकशी आहे. पण १९१० ते १९७० या काळात मूलनिवासींच्या दर दहांपैकी एक ते दर तिघांपैकी एक मूल सरकारी धोरणांखाली घरातून हिरावून नेले गेले, असे १९९७च्या राष्ट्रीय चौकशी अहवालात नोंदले आहे, आणि अशा मुलांना या साध्या प्रश्नाचे उत्तर आयुष्यभर शोधावे लागले.

एका सकाळी एका वृद्ध बाईंचा फोन आला होता. प्रश्न ऐकून त्या थांबल्या. निवेदकाने ती शांतता गाण्याने किंवा जाहिरातीने भरून काढली नाही; थोड्या वेळाने तो फक्त ‘आंटी, सावकाश’ एवढेच म्हणाला. (नाते असो वा नसो, या समाजात वडीलधाऱ्यांना आदराने अंकल, आंटी म्हणतात.) मग बाईंनी आजीचे आडनाव सांगितले आणि ते पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, उच्चारले. ‘हीलिंग’ हा शब्द इथे सतत कानी पडतो, पण त्याचा अर्थ मला त्या थांबण्यात उमगला. दुखावलेल्या माणसाला सल्ल्याआधी वेळ हवा असतो.

नावांबद्दलची ही जपणूक मृत्यूनंतरही सुटत नाही. अनेक मूलनिवासी समाजांत दिवंगतांचे नाव घेणे किंवा आवाज ऐकवणे शोककाळात टाळतात, म्हणून प्रसारणाआधी तशी पूर्वसूचना देतात. बालपणीच आईवडिलांपासून तोडले गेलेले गायक आर्ची रोच जुलै २०२२ मध्ये वारले, तेव्हा त्यांचे नाव, छायाचित्र आणि संगीत वापरण्याची परवानगी कुटुंबीयांनी मुद्दाम जाहीर केली. आता त्यांचे गाणे लागण्यापूर्वी निवेदक त्यांचे पूर्ण नाव घेतो, तेव्हा माझा हात आपोआप आवाज वाढवायला जातो.