नवं-जुनं एकाच फळीवर : आमची वाटचाल

वडिलांनी १९७८ साली दांडिया बाजारात दुकान टाकलं. बडोद्यात मराठी पुस्तकं विकणारे तेव्हाही बरेच होते, पण नवं आणि जुनं एकाच फळीवर ठेवणारे आम्हीच. नवी कोरी कादंबरी आणि शेजारी तिचीच कणा उसवलेली प्रत, निम्म्या किमतीला. पुण्याच्या एका वितरकाला हे रुचलं नाही. ‘जुनी समोर दिसल्यावर नवी कोण घेईल?’ म्हणत त्यांनी परतीच्या बोलीवर माल देणं बंद केलं. आम्ही रोखीने घेत राहिलो. गिऱ्हाईक जुनी प्रत स्वतःसाठी नेतं आणि तीच आवडली की मुंजीत, वाढदिवसाला द्यायला नवी मागायला येतं. वितरकसाहेबांना हे अजून पटलेलं नाही.

जुन्या मालाची बडोद्याला ददात नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डनसाहेब या ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयं उभी करवली, पेट्यांतून पुस्तकं खेड्यापाड्यांत फिरवली. वाचायची सवय लागली ती घरोघरच्या कपाटांत उतरली. एखादं जुनं घर पाडायला निघालं की महाराजांनीच सुरू केलेल्या सयाजी साहित्यमाला या ग्रंथमालेचे भाग हमखास निघतात. मात्र ग्रंथालयाचा शिक्का असलेली प्रत, वर ‘रद्द’चा शिक्का नसेल तर, आम्ही फुकटही घेत नाही.

कुणाकडे खरेदीला जायचं तर वडील काटा नेत नसत. काटा पस्तीवाल्याचा, म्हणजे रद्दीवाल्याचा. आपण एकेक पुस्तक उघडायचं, कणा बघायचा, कसरीची भोकं किती पानं आत गेलीत ते बघायचं आणि भाव सांगायचा. शेवटच्या कोऱ्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात टूबी पेन्सिलीने खरेदीचा आकडा आमच्या खुणेच्या अक्षरांत, खाली विक्रीचा. टूबीच हवी, एचबी कागदात रुतते, खोडली तरी चर राहतो. आणि स्टिकर तर मुळीच लावू नका. काढताना मुखपृष्ठाचा पापुद्रा घेऊन येतो. घरच्या पुस्तकांवर बॉलपेनने नाव घालणाऱ्यांनाही हेच सांगणं.

प्रतापनगरचे एक काका, रेल्वेतून निवृत्त झालेले, वडिलांच्या वेळेपासून येतात. महिन्याला एक नवं आणि एक जुनं. नव्यावर वीस टक्के मागून हुज्जत घालतात, जुन्याला मात्र पेन्सिलीचा आकडा बघून मुकाट्याने पैसे मोजतात. ‘नव्याची किंमत छापलेली असते, जुन्याची तुम्ही वाचून लावता,’ म्हणतात.

३१ जुलै २०१९. त्या दिवशी बडोद्यात पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. विश्वामित्री नदी शहरात शिरली, मगरी रस्त्यावर आल्या, त्या सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्याच. आमचं गोदाम सयाजीगंजात, तळघरात. जवळजवळ साडेचार हजार पुस्तकं. शटर उघडलं तेव्हा खालच्या चार फळ्या फुगून एकमेकींत अशा घट्ट बसल्या होत्या की एक पुस्तक ओढावं तर कणा हातात यायचा. आर्ट पेपरवाली, म्हणजे गुळगुळीत चकचकीत कागदाची, सगळी गेली. ती पानं सुकताना चिकटतात, मग सुरी घातली तरी सुटत नाहीत. साध्या कागदाची वाचतात, पण पानापानांत टीपकागद घालून, सावलीत, पंख्याखाली. उन्हात घातलीत तर पुठ्ठा पापडासारखा वळतो. काकांनी घरचे दोन टेबलफॅन रिक्षात घालून आणले. आमच्या बाइंडरभाईंनी पुस्तकं दाबून धरायचा शिकंजा दुकानातच आणून मांडला आणि मोरचूद घातलेली खळ, दाभण, मेणदोरा घेऊन दिवाळीपर्यंत बसले.

मग विम्याचा सर्व्हेअर आला. नव्या मालाची बिलं होती, ती त्याने मान्य केली. जुन्या पुस्तकांचं बिल कुठून आणायचं? एखाद्या आजींनी कपाट उघडून दिलं, आम्ही पैसे दिले, झालं. वडिलांची खरेदीची वही दाखवली, तर म्हणाला, ही घरगुती नोंद. त्याने काटा मागवला. चाळीस वर्षांत आमच्या पुस्तकांचं पहिल्यांदा वजन झालं, आणि रद्दीच्या दराने, किलोला दहा रुपये धरून, दावा मंजूर झाला. कंपनीचं नाव लिहीत नाही. पण ते पत्र काचेखाली ठेवलंय, गिऱ्हाइकांना दाखवतो.

पुढच्या मार्चमध्ये लॉकडाऊन. त्याबद्दल सगळ्यांनी सगळं लिहून झालंय.

हल्ली एक जण हॉल भाड्याने घेऊन किलोवर पुस्तकं विकतो. गर्दी होते, मीही जाऊन आलो. जाडजूड परदेशी कादंबऱ्या, पाच किलोची पिशवी भरली की लोक खूश. मराठी कवितासंग्रह त्याच्याकडे नसतात. ऐंशी पानांचं वजन ते काय भरणार! जीएसटीचंही तसंच : छापील पुस्तकावर शून्य, म्हणून लोकांना वाटतं आमची मजा आहे. कुरियरवर आम्ही तो भरतो आणि तो परत मिळत नाही.

तुमच्याकडे आजोबांचं कपाट रिकामं करायचं असेल तर दिवाळीच्या साफसफाईत घाईने पस्तीवाल्याला हाक मारू नका. आधी कुणा जाणत्याला दाखवा. आम्हालाच दाखवा असं नाही. आणि घेणाऱ्याकडून यादीवर सही मागा. आम्ही आता प्रत्येक खरेदीची यादी करतो, पुस्तकागणिक भाव, देणाऱ्याची सही, शिवाय फोटो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री पुन्हा चढली. खालच्या चार फळ्या तेव्हा रिकाम्याच होत्या, पाणी पाचवीला लागलं नाही. त्यामुळे सर्व्हेअरला ही नवी वही चालते की नाही, हे कळायचं राहून गेलं.