वहीत नसलेला बुधवार

नाशिक, वैशाखातील एक रात्र

संध्याकाळी रामकुंडापर्यंत फिरून आले आणि प्रवासातील वही पुन्हा उघडून बसले. तिच्यात मंगळवारच्या नोंदीनंतर एक पान कोरे आहे आणि त्यापुढे थेट गुरुवार येतो. होनोलुलूहून जपानमधील कोबेकडे जाताना आमच्या जहाजाने आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली आणि तो बुधवार आमच्यापैकी कोणाच्याच वाट्याला आला नाही. पश्चिमेकडे जाताना दर १५ रेखांशांना घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते आणि अशा तासांचा हिशेब वाररेषेवर एका दिवसाने चुकता होतो, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर खडूने आखून शिकवले. तरीही माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या सात कप्प्यांच्या डबीत बुधवारचा कप्पा भरलेला राहिला आणि त्याशेजारचा गुरुवारचा रिकामा झाला, तेव्हा कुठे ती रेषा मला खऱ्या अर्थाने समजली.

‘सेमिस्टर ॲट सी’ या तरंगत्या विद्यापीठाची सुरुवात १९६३ मध्ये झाली. मी गेले ते ‘वर्ल्ड ओडिसी’ हे जहाज १९९८ मध्ये जर्मनीतील कील येथे बांधलेले आहे. विद्यार्थ्यांबरोबर माझ्यासारख्या निवृत्तांनाही तेथे घेतात. आम्हाला परीक्षा नसते, मात्र वर्गात बसता येते. जहाज समुद्रात असताना तासिका होतात आणि बंदराला लागले की बंद राहतात. ६८व्या वर्षी विशीतल्या मुलांच्या मागच्या बाकावर बसून वही उघडताना पहिल्या दिवशी माझे हात कापले होते, आणि ते जहाजाच्या हेलकाव्यांमुळे नव्हते. शिकवण्याची सवय इतकी हाडीमासी खिळलेली की प्रश्न विचारला गेला की उत्तर माझ्या ओठांवर येई. मुलांना विचार करू द्यावा आणि आपण गप्प राहावे, हे जमायला मला जवळजवळ महिना लागला.

जहाजावर ज्येष्ठांना काही विद्यार्थी कुटुंब म्हणून जोडून देतात. माझ्या वाट्याला पाच जण आले आणि आम्ही आठवड्यातून एकदा रात्रीचे जेवण एकत्र घेऊ लागलो. ‘आजी’ हा शब्द त्यांनी पहिल्याच आठवड्यात उचलला. कोची जवळ आले तेव्हा पाचही जण माझ्याभोवती जमले, कारण आता आजीचा देश येणार होता. मल्याळम पाट्यांपुढे मीही त्यांच्याइतकीच निरक्षर आहे, हे त्यांना पटवताना मला प्रथम संकोच वाटला. पुढे आम्ही सहाही जण रस्ता विचारत विचारत हिंडलो आणि भारतात पाहुणी म्हणून उतरण्याचा तो अनुभव मला फार मोलाचा वाटतो.

कोचीनंतर विषुववृत्त ओलांडले. त्या दिवशी मुंडण करून घेण्याची तेथे प्रथा आहे. माझ्या पाच जणांपैकी एका मुलीने केस उतरवून घेताना माझा हात घट्ट धरून ठेवला होता. गोदाकाठी मुंडण केलेली माणसे पाहत मी वाढले, त्यामुळे इतरांच्या हसण्यात मला सामील होता आले नाही. तिच्या आईला हा फोटो पाहून काय वाटेल, एवढेच मनात येत राहिले.

मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई येथे जहाज एकच दिवस थांबले, पण साऱ्या सफरीतील तो दिवस माझ्या मनात सर्वांत खोल उतरला. नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेस साधारण २० अंशांवर आणि पोर्ट लुई दक्षिणेस तितक्याच अंशांवर आहे. नकाशा मधोमध दुमडला, तर दोन्ही गावांचे अक्षांश एकमेकांवर येतील. तेथील ‘अप्रवासी घाट’ १८३४ पासून आलेल्या गिरमिटिया, म्हणजे करारावर आणलेल्या, भारतीय मजुरांची स्मृती जपतो. त्याच्या सोळा पायऱ्या चढताना मी कठडा धरला होता. मुंबई बंदरातून निघालेली मराठी माणसेही त्या मजुरांत होती आणि त्यांच्या वंशजांना आजही तेथील शाळांत मराठी शिकता येते. माझी गोदावरी अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर उगम पावूनही त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला जाते. ही माणसे मात्र त्याच अरबी समुद्रातून गेली आणि त्यांतल्या अनेकांना परतीची वाट मिळाली नाही. मुलांना हे सांगताना माझा आवाज भरून आला आणि त्यांनी मला सावकाश बोलू दिले.

शाळा उघडल्या की नववीच्या वर्गाला वाररेषा शिकवायला मला बोलावले आहे. गोळ्यांची ती डबी मी बरोबर नेणार आहे. बुधवारच्या कप्प्यातली गोळी अजून तशीच ठेवली आहे.