झडप कुठे आहे?

पोटविकारांचा डॉक्टर म्हणून इंदूरमध्ये काम करताना छातीत जळजळ होणारे रुग्ण रोजच भेटतात. पण ज्या काकांची हयात जलूदहून नर्मदेचे पाणी शहरापर्यंत चढवणाऱ्या पंपांवर गेली होती, त्यांची तक्रार अभियंत्याला शोभेल इतकी नेमकी होती. "गोळीने जळजळ थांबली, पण तुळशीला पाणी घालायला वाकलो की आंबट पाणी घशाशी येतंच."

घशात बधिरतेचा स्प्रे मारून एंडोस्कोपी केली. जठरात उतरल्यावर दुर्बीण उलटी वळवून मी अन्ननलिकेचे तोंड खालून पाहिले. एरवी तिथली अस्तराची घडी दुर्बिणीला चिकटून बसते. इथे भोवती चांगलीच फट होती आणि जठराचा वरचा भाग श्वासपटलातून, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्यातून, सुमारे ३ सेंटिमीटर छातीत सरकला होता.

फोटो निरखत काकांनी विचारले, "यात उलटा प्रवाह अडवणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह कुठला?"

तशी एकच झडप तिथे नसतेच. अन्ननलिकेच्या शेवटच्या ३ ते ४ सेंटिमीटरमधला स्नायू आवळलेला असतो आणि घास गिळताना सैलावतो. बाहेरून श्वासपटलाचे स्नायू त्याला वेढतात व खोकताना, वाकताना अधिक घट्ट होतात. शिवाय अन्ननलिकेचा थोडा भाग पोटाच्या पोकळीत असल्यामुळे, जो दाब आम्ल वर ढकलतो तोच त्या नळीलाही बाहेरून चेपतो. मला तर यातली हीच योजना सर्वांत हुशारीची वाटते. काकांच्या बाबतीत अन्ननलिका आणि जठर यांचा सांधाच वर सरकल्याने स्नायू आणि श्वासपटलाचा वेढा यांची फारकत झाली होती. गोळी आम्ल कमी करते, ही वाट बंद करत नाही.

"आणि रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन तळलेला गराडू कंद खातात, ते?" काकूंनी मध्येच विचारले. तेही खरेच होते. जठर फुगले की न गिळताही तो स्नायू काही सेकंद सैल पडतो. ढेकर त्यामुळेच येते, आणि भरल्या पोटी आडवे झाल्यास हवेबरोबर आम्लही वर येते. म्हणून जेवण आणि झोप यांत ३ तास ठेवायला, पलंगाची उशाकडची बाजू उंच करायला आणि डाव्या कुशीवर झोपायला सांगितले.

शस्त्रक्रियेचाही विषय निघाला. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळण्याची ही पद्धत रुडॉल्फ निसेन यांनी १९५६ साली प्रसिद्ध केली. "गुंडाळी जास्त घट्ट झाली तर?" काकांनी लगेच विचारले. तर घास अडकतो आणि ढेकरही येत नाही; म्हणूनच आधी मॅनोमेट्रीने अन्ननलिकेचा जोर मोजावा लागतो, असे सांगून मी त्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली.